भाचीसमोर चालताना

ताईच्या घरात शिरलो आणि दाराशेजारच्या खुंटीला हातातली भाजीची पिशवी अडकवली. बोळात अंधार होता. खुंटी कट्‌ करून निखळली आणि पिशवीसकट फरशीवर पडली. वाकून बघतो तर खुंटीला पाच बोटं होती.

आवाज ऐकून भाची बाहेर आली. तिने मला काही लागलं का ते विचारलं नाही. कॉलेजातून अभ्यासाला आणलेल्या सांगाड्याचा हात उचलला, पुसला आणि परत बसवता बसवता म्हणाली, "खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते, मामा. तिथे पिशव्या अडकवत नाहीत."

"मला वाटलं खुंटी आहे."

"तू इथे उभा असतास तर तुझ्याबद्दल मलाही तसंच वाटलं असतं."

घरात तिला हाडवैद्यीण म्हणतात. ती शिकते फिजिओथेरपी, म्हणजे शरीर हलतं कसं याचं शास्त्र. कोणतं हाड कुठे टेकतं, कोणता स्नायू कुणाला ओढतो, याचा ती वर्षानुवर्षं अभ्यास करते आहे. या अभ्यासातून तिने काढलेला निष्कर्ष एकच: माणसाला हलता येत नाही. "चालणं म्हणजे काय?" ती म्हणते. "पुढे पडायचं आणि दर वेळी पाय पुढे टाकून वाचायचं. लोकांना तेवढंही धड जमत नाही."

हे तिचं आजचं नाही. लहानपणी नाचाच्या क्लासातून तिला घरी पाठवलं होतं, कारण बाईंचा गुडघा गिरकीत आत वळतो असं तिने सगळ्या वर्गासमोर सांगितलं. आता जिन्यात पावलं वाजली की ती पुस्तकातून मान वर न काढता सांगते, "वरचे काका. आज कंबर धरलीय." शेजारचा एक मुलगा रोज सकाळी पळतो आणि त्याबद्दल दिवसभर बोलतो. त्याला ती म्हणाली, "तू पळत नाहीस रे, पडायचं लांबवतोस." तेव्हापासून तो दुसऱ्या रस्त्याने पळतो. ती स्वतः मात्र अभ्यासाला अशी बसते की पिळून टाकलेल्या टॉवेलनेही लाजावं. एक पाय खुर्चीच्या हातावर, मान उशीत, पुस्तक पोटावर. मी टोकलं तर म्हणाली, "मी बसलेली नाहीये, वाचतेय."

मला स्वतःला तिच्या शास्त्राचं फारसं कौतुक नव्हतं. अंगात हाडं आहेत हे कळायला कॉलेज कशाला हवं? लाकडी बाकावर अर्धा तास बसलं की भागतं.

पण त्या दिवशी घरातलं वातावरण गंभीर होतं. हाडवैद्यीण प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा समोर चालायला आणलेल्या म्हाताऱ्याला "हे चालणं नाही, फरशी पुसणं आहे" असं म्हणाली. दुसऱ्यांदा परीक्षकांनाच त्यांची मान पुढे आली आहे हे सांगितलं, तेही त्यांनी विचारलेलं नसताना. आता शेवटची संधी होती. हीही गेली तर कॉलेज संपलं, आणि दाजींनी तिच्यासाठी आपल्या नळांच्या दुकानातली गल्ल्यामागची खुर्ची पुसूनच ठेवली होती.

"नळ तरी उलटून बोलत नाहीत," दाजी म्हणाले.

"आणि गळतात ते मुकाट गळतात," ताई म्हणाली.

परीक्षेला प्रत्येकीने एक माणूस न्यायचा होता. तो चालणार, आणि हिने बघून त्याच्या हालचालीचं वर्णन करायचं. भाचीने मला नखशिखांत न्याहाळलं. कसाई बकऱ्याकडे याहून मायेने बघत असेल. "मामा, तूच चल. डावा खांदा पडलेला, उजवं पाऊल बाहेर, कंबर तर कुणी उसनी दिल्यासारखी. अख्ख्या नात्यात तुझ्याइतकं वाईट कुणी चालत नाही. फक्त नेहमीसारखा चाल."

मदत मागायची ही तिची रीत. मी हो म्हणालो, पण मनाला लागलं. इतकी वर्षं ऑफिसला चालत गेलो, लग्नाला चालत गेलो, कुणी काही बोललं नव्हतं. मग मी मनाशी ठरवलं की दाखवूच. घरी कपाटाच्या आरशासमोर सराव सुरू केला. खांदे मागे, छाती पुढे, टाच जेमतेम टेकवायची. कडक तळाचे नवे बूट आणले. बायको दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "परीक्षा तिची आहे ना?"

परीक्षेची खोली लांबट होती. एका भिंतीला तपासणीचं टेबल, दुसऱ्या भिंतीला आरसा, मध्ये जमिनीवर चिकटवलेली पिवळी पट्टी. मागच्या वेळच्याच परीक्षक बाई टेबलामागे बसल्या होत्या. मी पट्टीवरून चालू लागलो, आणि खरं सांगतो, काय चाललो. पाठ ताठ, मान ताठ, पाऊल सरळ. परत फिरताना भाचीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जे वर्णन करायला तिने मला आणलं होतं, त्यातलं काहीही मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं. "मला तर चाल ठीक वाटते."

हो म्हटलं असतं तर कदाचित सुटली असती. पण मुलगी हो म्हणणाऱ्यांतली नाही.

"ठीक नाही," ती म्हणाली. "हा माणूस चालत नाहीये, मिरवतोय. श्वास धरलाय. खांदे मानेने उचलून धरलेत. टाच नावालाच टेकते, त्यामुळे अंगाचं सगळं ओझं पोटऱ्या वाहतायत, आणि त्यांना ती सवय नाही. उजवी जास्त राबतेय. अजून दोन फेऱ्या घालू द्या, पोटरीत गोळा येईल."

मी तुच्छतेने हसलो आणि तिसरी फेरी सुरू केली. आरशापर्यंत पोचता पोचता उजव्या पोटरीला कुणीतरी आतून पिरगाळलं. मी "आई गं" म्हणून पट्टीवर आडवा झालो.

भाची आली, गुडघ्यावर बसली, माझा बूट ओढून काढला. एका हाताने गुडघा दाबून सरळ केला आणि दुसऱ्या हाताने पावलाचा पुढचा भाग माझ्याकडे रेटला. मी ओरडत होतो.

"गुडघा आधी सरळ का केला?" बाईंनी शांतपणे विचारलं. माझं काय होतंय याची त्यांनाही पर्वा नव्हती.

"हा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो. गुडघा वाकलेला ठेवला तर तो सैल राहतो, नुसतं पाऊल दाबून पुरता ताणला जात नाही."

"आणि या माणसाची नेहमीची चाल कशी असेल?"

"ती मी आज पाहिलेली नाही," भाची म्हणाली. "घरी पाहिलीय, पण इथे सांगितली तर ती लबाडी होईल."

बाईंनी मान हलवली, ती तशीच पुढे आलेली मान. भाचीने ती पाहिली. ओठ घट्ट मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक वाक्य गिळलं, आणि ती पास झाली.

बाहेर आल्यावर तिने दाजींना फोन करून खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. मी एक बूट हातात धरून, तिच्या खांद्यावर भार टाकून लंगडत होतो. फाटकाशी थांबून मी विचारलं, "पण काही म्हण, गोळा येईपर्यंत मी रुबाबदार दिसत होतो की नाही?"

"मामा, तू बसलेलाच बरा दिसतोस."