बडे गुरुजींचा दुपारचा अभ्यासक्रम

बडे गुरुजींशी धड भांडायचीसुद्धा सोय नव्हती. मी तावातावानं काही बोलावं, तर ते पान चघळत शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, “झालं? आता माह्या बाजूनं बोला, बहनजी.” अस्सा राग यायचा! पण बोलायला लागलं की आपलाच मुद्दा किती लंगडा आहे ते आपल्याच तोंडून बाहेर पडायचं.

मध्य प्रदेशात, वारासिवनीजवळच्या एका गावात आमची मिडल शाळा होती, सहावी ते आठवी. काळ एकोणीसशे साठनंतरचा. ते हेडमास्तर, म्हणून सगळ्या गावाचे बडे गुरुजी. मी लग्न होऊन भंडाऱ्याकडून आलेली, नोकरीत नवी आणि जिभेची तिखट.

आमची बहुतेक पोरं आठवी झाली की धानाच्या बांधीत राबायला उतरायची. एका दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी मला बोलावून विचारलं, “पुस्तक बाजूले ठेवा अन् सांगा. पोरगं शाळा सोडून गेलं, त त्याले काय आलं पाहिजे?” मी फटकन म्हटलं, “आधी पाढे तर येऊ द्या!” “पाढे सकाळी,” ते म्हणाले. झालं, तिथून सुरुवात झाली. सकाळी सरकारी कोर्स, मधल्या सुट्टीनंतर आमचा. सरकारी नोटीस वाचून तिचा अर्थ विचारायचा, शेतातलं रोप रोज पाहून लिहायचं, आईच्या तोंडची धान लावतानाची, रोवणीची गाणी वर्गात आणायची. आणि शनिवारी वाद. विषय पोरांनी ठरवायचा आणि अर्ध्यावर प्रत्येकानं बाजू बदलायची. “आपल्याच बाजूनं बोलाले काय अक्कल लागते?” असं गुरुजी म्हणायचे.

एका शनिवारी पोरांनी विषय काढला: गावची विहीर सगळ्यांना का नाही? मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराचा, मोहन आधी विहिरीवर सगळ्यांनी येऊ नये म्हणून बोलला. मग बाजू बदलली आणि गडी असा पेटला की बस! “पाणी काय आमच्या बापानं पाताळातून आणलं?” म्हणाला. टाळ्या पडल्या. पोरगं खुशीत घरी गेलं आणि तेच वाक्य बापाला ऐकवून बसलं.

सोमवारी मालगुजार शाळेत हजर. मालगुजारी केव्हाच गेली होती, पण रुबाब जागेवर होता. “मास्तर, माह्या पोट्ट्याले माह्याच अंगावर सोडून राह्यले का?” गुरुजींनी खुर्ची पुढे केली. “बसा मालक. जरा पोराच्या बाजूनं बोलून पाहा.” मी कपाळावर हात मारून घेतला. मालगुजार उठले ते तक्रार घेऊन थेट जिल्ह्याला, बालाघाटला गेले.

पुढच्या शनिवारी शाळांच्या इन्स्पेक्टर साहेबांची जीप आली. साहेब आल्या आल्या म्हणाले, “आपका कोर्स देखेंगे. अनुशासन दिखा तो चलेगा, नहीं तो बंद.” शेजारच्या खुर्चीत मालगुजार. मी गुरुजींना कोपऱ्यात गाठलं, “तुमच्या पाया पडते, आज गाय बरी की म्हैस असं काहीतरी ठेवा.” ते चिडले. “साहेब आले म्हणून विषय बदलू? मंग पोरं काय शिकतीन?”

पोरांनी पुन्हा विहीरच मागितली होती, विषय तोच राहिला. मोहन बापाकडे बघत कसाबसा पुटपुटला. मग बौद्ध मोहल्ल्यातली चंद्रकला उठली. आपली आई घागर घेऊन विहिरीपासून लांब कशी उभी राहते, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून कशी वाट बघते, ते तिनं सांगितलं. तेवढ्यात गुरुजी सवयीनं बोलून गेले, “आता बाजू बदला.”

चंद्रकला बोलेना. साहेब म्हणाले, “क्यों? नियम तो नियम है.”

“गुरुजी, हे म्या नाई बोलत,” ती म्हणाली. “मोहनले बाजू बदलून घरी जाता येते. मले त थे रोजच आयकाव लागते.”

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला. मी मनात म्हणत होते, रागवा हो तिला! नुसतं खोटं खोटं रागवा, कोर्स वाचेल. साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

“बस, बाई,” गुरुजी तिला म्हणाले. मग साहेबांकडे वळले. “नियम मीच बनवला होता, साहेब. चुकला तो. आजपासून ज्याले बोलाचं नाई त्यानं नाई बोलाचं.”

“यही है अनुशासन?” म्हणत साहेब जीपकडे चालते झाले. महिना संपायच्या आत हुकूम आला: दुपारचा कोर्स बंद, गुरुजींची बदली दूर जंगलातल्या बैहरला.

बसस्टँडवर माझा तोल सुटला. “एका पोरीपायी सगळं बुडवलंत! थोडं रागावला असता तर काय आकाश कोसळणार होतं?” मी रडतही होते आणि भांडतही होते.

“बहनजी, जीप दारात, मालक खुर्चीत,” ते शांतपणे म्हणाले, “अन् बारा-तेरा सालची पोरगी माह्या तोंडावर नाई म्हणते. बुडलं काहून म्हणता? मले त वाटते, कोर्स त्याच दिवशी पुरा झाला.” आणि ते बसमध्ये चढले.

सोमवारी दुपारी नव्या हेडमास्तरांनी मला गणिताचा तास दिला आणि बाहेर ऐकू यावं म्हणून वर्गाचं दार उघडं ठेवायची ताकीद दिली. मी फळ्याकडे वळले तोच चंद्रकला उभी राहिली. “बहनजी, गुरुजीले काहून पाठवलं?”

व्हरांड्यात हेडमास्तरांच्या चपला वाजत होत्या. मी खडू ठेवला, खुर्ची ओढून बसले आणि दार तसंच उघडं ठेवून सगळं सांगितलं.