कोडखाली सुगुणाचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी कॅन्टीनमध्ये काय खाल्लं तेही सांगतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगायला बसलोय खरा, पण मघापासून दोनदा उठून पंखा कमी-जास्त करून आलो.

आधी काम सांगतो. की टाळतोय? असो. चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात मेनफ्रेमचं काम चालतं. बँकांकडे असतो तो अजस्र कॉम्प्युटर. त्याच्या पोटात एकाच वेळी अनेक आभासी मशीनं चालतात. एखाद्याला मेमरी कमी पडली, तर ते बंद न करता चालू असतानाच वाढवायची, गरज संपली की परत घ्यायची — ही सोय मी लिहीत होतो. पंगतीसारखंच आहे. वाढायला कुणालाही येतं हो. पानातलं परत घेताना खरी पंचाईत.

आमच्याकडे रीत अशी — कोडमध्ये खोट दिसली, तर ती त्या कोडखालीच लिहायची, सगळ्यांना दिसेल अशी. खोट नसली तर तपासणाऱ्याने खाली आपलं नाव घालायचं. नाव पडलं की कोड पास.

माझा कोड तपासला सुगुणाने. तंजावरच्या मराठी घरातली, तांबरमहून यायची. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तिची मराठी जुनी, तमिळ हेलाची; 'बरं का'च्या जागी तमिळ 'सरी'. मी चिडवायचो, ती हसायची. तिला खोट सापडली होती. मशीन रीस्टार्ट झालं, की परत घेतलेली मेमरी त्याला अजून आपलीच वाटायची. पण तिने ते लिहिलं नाही. चारचौघांत माझी शोभा नको म्हणून डबा खाताना हळूच म्हणाली, "तुमी तेवढं नीट करा, सरी? मी नाव घालते."

आणि घातलं. माझ्या भरवशावर.

मी नीट केलं का? नाही. मॅनेजरला 'झालं' म्हणून आधीच सांगून बसलो होतो. रीस्टार्टनंतर मेमरीच्या वाटेला कोण जातंय, असं मनाशी म्हटलं, आणि कोड तसाच पुढे पाठवला. मग एका बँकेच्या चाचणीत मशीन कोसळलं. अगदी तिने सांगितलं होतं तसंच.

मीटिंगमध्ये मॅनेजरने कोड पडद्यावर लावला. खाली तिचं नाव. लिहिणारा चुकतोच, पण तुम्ही तपासलंत, मग दिसलं कसं नाही? — सुगुणाने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं: तिने मला सांगितलं होतं. तिच्या तोंडी ती सबब वाटली असती; ते सांगू शकणारा माणूस त्या खोलीत मी एकटा. मी काय केलं? पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायलो. सावकाश.

"सॉरी सर," ती म्हणाली. "माय मिस्टेक."

कोड तपासायचं काम तिच्याकडून गेलं. टीमची जबाबदारी तिच्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते. जबाबदारी माझ्याकडे आली. मी घेतली. पेढेही वाटले. लाज वाटली का? वाटली. तरी वाटले.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन माझ्याच टेबलावर आली, नेहमीसारखी. लिंबाचं लोणचं पुढे केलं. ट्रेनच्या गर्दीबद्दल बोलली, आईच्या गुडघ्याबद्दल बोलली. सगळं इंग्रजीत.

ती अजून याच मजल्यावर आहे. माझ्याशी मराठीत परत कधी बोलली नाही. का, ते मी विचारलेलं नाही. मला माहीत आहे.