पायासाठी बोललेला नवस

लग्न ठरलं त्याच वर्षी माझ्या डाव्या गुडघ्याच्या वर गाठ आली. मोट हाकताना मार बसला असेल, असं समजून आईने लेप लावले, वैद्याच्या पुड्या झाल्या, दृष्टही काढून झाली. गाठ वाढतच गेली. शेवटी वडिलांनी अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवलं. हा हाडाचा कर्करोग आहे, क्वचितच होतो आणि होतो तो तुझ्यासारख्या तरण्या पोरांना, असं ते म्हणाले. पाय मांडीतून काढला तर जगण्याची आशा होती, तीही खात्रीची नाही.

मी नको म्हणून परत आलो. मंगरूळपीरच्या बाहेर आमचा वांग्या-मिरचीचा मळा. एका पायाचा माणूस तिथे काय करणार? बातमी कळताच मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली. सोबतीची मुलं भेटायला येत, पायाकडे बघत आणि लगेच उठून जात. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो देवाचा.

आईच्या आग्रहाने एका गुरुवारी वडील मला बैलगाडीतून मंगरूळच्या पीराच्या दर्ग्यात घेऊन गेले. गाठ विरू दे, चादर चढवीन, असा नवस मी बोललो. बाहेर पायरीवर बसलो आणि रडू आवरेना. तिथे येणाऱ्यांना पाणी देणारी एक बाई कुबडी टेकत जवळ आली. तिला एकच पाय होता.

"काहून रडून राह्यला, भाऊ?"

मी सगळं सांगितलं.

"मंग पाय मागाले आला का जीव मागाले?"

मी डोळे पुसले.

"साप चावून माहा पाय सडला, तवा कापला. लय रडली मी. मंग पाणी भराले लागली. घे, पाणी पी."

पाणी पिऊन मी पुन्हा आत गेलो. या वेळी काहीच मागितलं नाही. तुला योग्य वाटेल ते कर, एवढंच म्हणालो. परतताना वडिलांना म्हटलं, "आबा, अकोल्याले जाऊ." त्यांनी बैल थांबवले. कासरा हातात धरून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जाऊ."

पाय गेला. नसलेला पाय कितीतरी दिवस दुखत राहिला, कुबडीने काख सोलवटली, चारचौघांत जायची लाज वाटे. हिंडूफिरू लागल्यावर टोपलीभर वांगी घेऊन मी त्या बाईकडे गेलो. तिला मी आठवलो नाही. "इथं लय लोक रडतात, बाप्पा," म्हणत तिने वांगी ठेवून घेतली. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, ज्याने तिच्या तोंडून मला विचारलं, त्याच्या लक्षात आहे, तेवढं पुरे.

दुखणं परत येणार नाही, असं डॉक्टर अजूनही म्हणत नाहीत. मीही विचारणं सोडलं आहे. मागितलं ते त्याने दिलं नाही. जे मागायचं सुचलंही नव्हतं, ते दिलं. सकाळी कुबडी बांधावर ठेवून मी वाफ्यातलं तण निंदायला बसतो. ते काम बसूनच करायचं असतं.