दाराच्या दोन्ही बाजूंचा गुलाबी

माणसं वाटेवर असताना घर सजवायचं नाही, असं आमच्या सासूबाईंचं ठाम मत होतं. अन् मी नेमकं तेच करून बसले होते.

समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई पेटली अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, त्या हंगामातली ही गोष्ट. आगगाडी अजून अकोल्यापर्यंत आली नव्हती. आमचे हे अन् थोरले भासरे, दोघं भाऊ दोन गाड्या भरून पार खानदेशातल्या ठेसनाकडं निघाले. जाताना हे म्हणाले, "उमरावतीच्या शेटजीची भिंत पाह्यली मी, गुलाबी. आपली बी तशीच कर." मला काय, निमित्तच हवं होतं!

करडईच्या फुलांचा रंग काढला अन् सरळ चुन्यात ओतला. पागोटी रंगवणाऱ्या घरच्या बाया आम्ही, आम्हाला वाटलं भिंतही तशीच रंगेल. जाऊबाई ओरडल्या, "अवं, हे त पिवळं होऊन राह्यलं!" सगळा रंग वाया. मग पुन्हा फुलं भिजवली, चुना सोडून पांढरी माती घेतली, लिंबू पिळलं, तेव्हा कुठं गुलाबी खुलला. दाराची डावी बाजू जाऊबाईंची, उजवी माझी. त्यांची गडद झाली, माझी फिकी.

"तुया भिंतीले ताप आला का वं?" त्या म्हणायच्या.

"तुमच्या भिंतीनं लय पान खाल्लं वाट्टे," मी म्हणायची. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "करा थेर. काई झालं त माया नावानं बोंबलू नका," एवढंच बोलल्या.

भिंत नीट वाळलीही नव्हती, तोच एक वाटसरू सांगून गेला की गाडीवाटेवर पटकीची साथ सुटली आहे अन् पडावावर गाडीवान मरून राहिले आहेत. त्या दिवसापासून घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. भाकरी थापता थापता माझे हात थांबायचे. बाहेर घुंगरू वाजलं की आम्ही दोघी दारात, अन् सासूबाईंची नजर आमच्यावर नाही, भिंतीवर. त्या नजरेचा मला असा राग यायचा! अन् भीतीही वाटायची, कारण रंगाचा हट्ट माझा होता.

एका दुपारी विहिरीपलीकडं गाडी दिसली. एकच गाडी. मागं दुसरी बैलजोडी बांधलेली. पुढं एक माणूस बसलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेलं. दोघं भाऊ एकाच अंगकाठीचे, बसायची ढबही एकच. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली. गाडी किती हळू येत होती, देवा! मी बैल बघितले, धुरा बघितली, काही म्हणता काही कळेना. विहिरीपाशी त्यानं फडकं सोडलं.

माझे होते.

जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं.

सासूबाईंनी हंबरडा फोडला, "सांगतलं होतं नं म्या! सांगतलं होतं!" त्या माझ्याकडंच बोट करत होत्या. मी रडतच पांढऱ्या मातीची बादली ओढली अन् माझ्या बाजूची भिंत पुसायला धावले. पोतेरं भिंतीला लागायच्या आत जाऊबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. आता त्या शिव्या देणार, असं मला वाटलं. द्यायलाच हव्या होत्या.

"तू काहून रडून राह्यली?" त्या म्हणाल्या. "तुया त आला."

अन् स्वतःच्या हातानं त्यांनी डावीकडची भिंत पांढरी करायला घेतली. मी नुसती उभी राहिले. घरात जाऊन बसलेल्या ह्यांनी आतून पाणी मागितलं, अन् तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो मी जाऊबाईंच्यादेखत लपवू शकले नाही.