फणसावरची परीक्षा

थ्रेस्याम्मा गेली. माती देऊन परत येताना माणसं हसत होती, कारण औसेपचेट्टनच्या पोटाची गोष्ट कुणीतरी काढलीच. आता घरात रडायला बसलं की तीच निघते.

थ्रेस्याम्मा म्हणजे केरळातल्या पाला गावाच्या बाजूची, रबरवाल्या घरातली थोरली. नर्सिंगला गेली. पाठ बैलाची, कान मांजराचे. फक्त घाबरली की हसायची. साधं नाही, पार खिंकाळायची. वॉर्डात एका म्हातारीची कवळी पेजेत पडली, ती शोधताना ही इतकी हसली की वाडगाच उपडा. सिस्टर रेमीजिया शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "नर्सला पाठ हवी, कान हवेत, न् तोंड ताब्यात हवं. परीक्षेत हसलीस तर पेटी भर न् घरी जा."

घरी काय, तर मिशीवाला. रबराची बाग, दोन म्हशी, न् ही एवढी मिशी. अम्मच्चीने, म्हणजे आईने, स्थळ धरूनच ठेवलेलं. थ्रेस्याम्माला मिशी नको होती, नर्सची टोपी हवी होती.

परीक्षेत पेशंटची कूस बदलायची होती. सुट्टीत घरी सराव कशावर करणार? फणसावर. सगळ्यात दांडगा फणस चटईवर निजवला, खाली हात घातले, वळवला. धाकटी बहीण लिल्लीकुट्टी बघत बसलेली.

"चेची, तुझा पेशंट काटेरी आहे गं."

"असू दे. बिचारा तक्रार तरी करत नाही."

अम्मच्ची चुलीपासून ओरडली, "हात लावतेच आहेस तर वाजवून बघ! पिकला असेल तर कापते."

मग काय, हात घालायच्या आधी दोन बोटांनी टकटक. पोकळ वाजला तर पिकला, भरीव वाजला तर कच्चा. घरातले सगळे फणस झाले, शेजारचेही झाले. बोटांना सवयच लागली.

परीक्षेला पेशंट आले औसेपचेट्टन, म्हणजे औसेपदादा. चर्चच्या जत्रेत चेंडा, म्हणजे ढोल, बडवणारा दांडगा गडी, आदल्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. सिस्टर मागे उभ्या. थ्रेस्याम्माने चादर नीट केली, गाल आतून चावून धरले, न् हात घालायच्या आधी चेट्टनच्या पोटावर टकटक.

वर पोकळ. बेंबीच्या खाली भरीव.

"कच्चा!" मोठ्याने म्हणाली की हो.

औसेपचेट्टन डोळे वटारून म्हणाले, "काय गं पोरी, फणस वाटलो काय मी?"

हसू घशात येऊन बसलं. गाल फुगले, डोळ्यातून पाणी. मिशी डोळ्यापुढे नाचायला लागली. तिने ते हसू गिळलं न् कसंबसं म्हणाली, "सिस्टर, चेट्टनचं पोट वर रिकामं वाजतंय, खाली भरलेलं."

सिस्टर वाकल्या. त्यांनीही टकटक केलं. "चेट्टन, लघवी झाली का?"

"झाली की."

"कधी?"

"ऑपरेशनच्या आधी," औसेपचेट्टन भिंतीकडे बघत पुटपुटले. "सारख्या पोरी येऊन विचारतात, माणसाला लाज आहे का नाही? म्हणत होतो झाली, झाली!"

लगेच पडदा ओढला, डॉक्टर आले, नळी घातली. जरा वेळाने आतून असा सुस्कारा आला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला. मग औसेपचेट्टनचा आवाज, "सिस्टर, आता वाजवून बघा, पिकलो का!"

न् खिंकाळल्या कोण? सिस्टर रेमीजिया. पडदा धरून खिंकाळल्या, पडद्याच्या कड्या वाजल्या.

थ्रेस्याम्मा लालबुंद, दोन्ही हात तोंडावर. "सिस्टर, परीक्षा संपली का?"

"संपली. पास."

"मग हसू?"

"हस बाई, नाहीतर फुटशील!"

मग ती जी हसली, ती खाटेची कड धरून खालीच बसली. औसेपचेट्टन टाके धरून ओरडत होते, "कुणीतरी गप्प करा तिला, मी उसवतोय!"

मिशीवाल्याचं दुसरीकडे जमलं. थ्रेस्याम्मा जन्मभर नर्स राहिली. शेवटी स्वतःच अंथरुणाला खिळली. लिल्लीकुट्टी कूस बदलायला गेली, तर डोळे मिटूनच म्हणते कशी, "आधी वाजव."

लिल्लीकुट्टीने दोन बोटांनी वाजवलं. "पिकलीस गं चेची."

"मग अम्मच्चीला सांग, काप म्हणावं," ती म्हणाली, न् दोघी इतक्या हसल्या की कूस बदलायची राहूनच गेली.