बाजारभावाआधी मायचा आवाज

माझी माय गेली, त्यानंतरही ती काही वर्षं रेडिओवर गात होती. हे सांगितलं की लोकांना वाटतं, ती कुणी मोठी गायिका होती. तसं काही नव्हतं. ती इंझोरीच्या शिवारात निंदायला जाणारी बाई होती. आयुष्यात एकदाच तिचा आवाज फितीवर घेतला गेला आणि पुढचं सगळं त्या फितीनं केलं.

मायचं माहेर शिरपूरचं. तिथं आम्ही गेलो असताना रेडिओची माणसं जीप घेऊन गावात आली आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाया शोधू लागली. यात्रेकरूंच्या धर्मशाळेच्या ओसरीवर त्यांनी आपलं यंत्र मांडलं. त्यांना नुसतं गाणं नको होतं, दगडाची घरघरही हवी होती. म्हणून मामानं घरचं जातं बैलबंडीत घालून नेलं आणि माय खरोखरची ज्वारी दळत गायली. भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीच्या ओव्या होत्या त्या. गाणं संपलं, जातं थांबलं, तरी कुणी काही बोलेना. यंत्राची चाकं आपली फिरतच होती. शेवटी मायच म्हणाली, "झालं काय जी? मंग पीठ भरून घेऊ?"

हेही फितीवर गेलं.

पहिल्यांदा ते लागलं तेव्हा माय जिवंत होती. दुपारचा बायांचा कार्यक्रम होता. बाबांनी ट्रान्झिस्टरला नवे सेल घातले होते आणि अर्धी आळी आमच्या अंगणात येऊन बसली होती. निवेदिकेनं मायचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. आवाज सुरू झाला तशी माय पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "हा माहा आवाज नाही. असा येते काय माहा आवाज?" सगळ्याजणी म्हणाल्या, असाच येते. शेवटचं ते पीठ भरायचं बोलणंही त्यांनी ठेवलं होतं. ते ऐकून बाया हसून हसून बेजार झाल्या आणि मायही हसली.

पुढं दुष्काळाच्या साली तिला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग वाशीमचा दवाखाना झाला, आणि पोळ्याच्या आत ती गेली. मी तेव्हा चौथीत होते. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिची लुगडी आत्यानं वाटून टाकली. माझ्याकडे काय उरलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते कळलं थंडीत. मी भांडी घासत होते, रेडिओ कोनाड्यात आपला चालू होता, आणि अचानक जात्याची घरघर आली. त्या मागोमाग माय आली. हातातली राख तशीच ठेवून मी आत पळाले. बाबा दारात उभे राहिले, आत काही आले नाहीत. ओव्या संपल्या आणि माय म्हणाली, "झालं काय जी? मंग पीठ भरून घेऊ?" मी मोठ्यानं म्हणाले, "हो." ते मी मायलाच म्हणाले होते, पण शेजारच्या काकूंनी ऐकलं. त्या दिवसापासून आमच्याकडे रेडिओ लागला की त्या आपली लेकरं घरात बोलावून घ्यायच्या.

निवेदिकेनं शेवटी सांगितलं, हे पुनःप्रसारण होतं. हा शब्द मी शाळेत गुरुजींना विचारला. ते म्हणाले, एकदा लागलेलं परत लावतात. मी विचारलं, परत कधी लावतात? ते म्हणाले, त्यांच्या मनावर आहे. म्हणजे माझी माय कुणाच्या तरी मनावर होती, आणि ते कोण हे मला माहीत नव्हतं. मला त्या माणसाचा तेव्हापासून राग आहे. गाणं तर काय, कुणीही कसंही गातं, गाण्यात माणूस वेगळाच लागतो. मला हवं होतं ते शेवटचं बोलणं. तेवढ्यातच ती आमच्या घरात बोलायची तशी होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांनी लग्न केलं. नव्या बाईला मी मावशी म्हणायचं ठरलं. ती आली तेव्हा तिच्या गळ्यात काळ्या पोतीसोबत चांदीचा एक छोटा टाक होता, बाईची आकृती उठवलेला. तो माझ्या मायचा. दुसरेपणाची बायको पहिलीचा टाक करून गळ्यात घालते, नवं लुगडं आधी त्याला दाखवते, मग स्वतः नेसते. मेलेल्या सवतीनं संसारात येऊ नये म्हणून ही सोय. मावशी हे सगळं मनापासून पाळायची. मला मात्र तो टाक पाहिला की चीड यायची. माझी माय एवढीशी झाली होती आणि तिच्या गळ्यात होती.

मावशीला रेडिओचं कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना सांगवलं नसेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी ती पितरांचा स्वयंपाक करत होती आणि नेमका त्याच दिवशी मायचा आवाज लागला. मी हातचं टाकून रेडिओपाशी जाऊन बसले. तिनं मला विचारलं, "कोण व्हय ही?" मी म्हणाले, "माही माय." तिनं टाक मुठीत धरला. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली तरी ती हलली नाही. मग तिनं पितरांसाठी वाढलेलं ताट उचललं आणि रेडिओपुढं नेऊन ठेवलं. समोर पाण्याचा तांब्या ठेवला, डोकं टेकलं.

बाबा ओरडले, "रेडिओ हाय तो. त्यात बाई नाही बसली."

"आवाज तं बाईचाच हाय," मावशी म्हणाली, "मंग जेवाले कोणाले वाढू?"

त्या वर्षी आमचे पितर रेडिओपाशी जेवले.

पण त्या दिवशी आणखी एक झालं होतं, ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. ओव्या संपल्याबरोबर निवेदिका बोलू लागली होती. पिठाचं बोलणं आलंच नाही. मला वाटलं, ताटाच्या गडबडीत माझंच ऐकायचं राहिलं असेल. पुढच्या वेळी मी कान लावून बसले. घरघर थांबली, आणि मायच्या जागी लगेच दुसऱ्या गावच्या बाया गाऊ लागल्या. कुणीतरी ते वाक्य कापून टाकलं होतं. त्यांच्या लेखी तो कचराच असणार, गाणं काही ते नव्हतंच.

मग हळूहळू सगळंच बदलत गेलं. आधी निवेदिका मायचं नाव घ्यायची. नंतर ती नुसतं "शिरपूरच्या एक भगिनी" म्हणू लागली. त्यानंतर कार्यक्रमच बदलला आणि त्यात मायच्या ओव्यांना "जुन्या काळातली लोकगीतं" म्हणू लागले. मला हसू की रडू असं झालं. मायला जाऊन चार पावसाळे झाले होते आणि ती जुन्या काळात जाऊन बसली होती. पण गावात पिठाची चक्की आली होती, हायब्रीड ज्वारी आली होती, आणि पहाटे दळणारी बाई खरंच दिसेनाशी झाली होती. रेडिओवाल्यांचं अगदीच चुकत होतं असं म्हणता येत नाही.

चार ओव्यांच्या दोन झाल्या. मग त्यांनी मायची एकच ओळ ठेवली आणि ती संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात घातली. आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग मायची एक ओळ, आणि तिच्यावरच माणसाचा आवाज चढायचा, की आता ऐका आजचे बाजारभाव. कापूस, तूर, भुईमूग. ही ओळ मात्र रोज लागायची. जी माय कधी महिन्यांनी यायची, ती आता रोज दिवेलागणीला घरात येऊ लागली आणि रोज अर्ध्या श्वासात थांबू लागली. त्या दिवसांत मला दिवेलागणीची भीती वाटायची. ओळ पुढं जायची वाट पाहत मी रोज थांबायचे, आणि रोज कापसाचा भाव यायचा. बाबा तेवढ्या वेळापुरते गोठ्यात जायचे. मावशी तेवढ्या वेळ हातातलं काम थांबवून बसायची.

एका संध्याकाळी घुंगरांच्या जागी बासरी वाजली आणि बासरीनंतर सरळ कापूस आला. दुसऱ्या दिवशीही तसंच. आम्ही महिनाभर वाट पाहिली असेल. मावशी तर रेडिओची सुई इकडून तिकडं फिरवून पाहायची, माय दुसऱ्या कुठल्या केंद्रावर निघून गेली असेल म्हणून. ती कुठंच नव्हती.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर मावशी जात्यावर तुरीची डाळ भरडत होती आणि मायच्या ओव्या म्हणत होती. चारही. सूर तोच, श्वास घ्यायच्या जागा त्याच. मी दप्तर टाकून म्हणाले, "ते म्हणू नको. ते मायचं हाय."

तिनं खुंटा सोडला नाही. "रेडिओवाल्यायनं टाकून देलं," ती म्हणाली, "आता मी बी टाकून देऊ काय?"

मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. पण घरात राहून कान बंद करता येत नाहीत. डाळ असो, मीठ असो, ती जात्यावर बसली की गायची. टाक तिच्या छातीवर हलत राहायचा. पुढं पुढं मी ओसरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसू लागले आणि ऐकू लागले. तिचं गाणं मला आवडायला लागलं होतं, हे खरं आहे.

दहावीच्या वर्षी मला ते पहिल्यांदा जाणवलं. मी मायचं ते पीठ भरायचं बोलणं मनात आणायला गेले. शब्द आले, पण आवाज मावशीचा आला. मी डोळे मिटून पुन्हा पाहिलं. धर्मशाळेची ओसरी आली, मायची हिरवी बांगडी आली, तिनं मागं वळून पाहिलं आणि ती मावशीच्या आवाजात बोलली. मी फार घाबरले. आत मावशी गात होती, बाबा अंगणात दोर वळत बसले होते. मी त्यांच्यापाशी जाऊन विचारलं, "बाबा, मायचा आवाज असाच होता काय?"

बाबांनी हात थांबवले. आतून येणारं गाणं त्यांनी बराच वेळ ऐकलं, अगदी मान कलती करून.

"मी बी तेच आठवून राह्यलो केवढ्या दिवसापासून," ते म्हणाले. "मले तं आता हाच आवाज येते."

बाबांनी दोर पुन्हा हातात घेतला. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो आणि आतली ओवी पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिलो, कारण मायपर्यंत जायला आता तेवढीच वाट होती आणि तीही मायपर्यंत जात नव्हती.