वसुबारसेला आडवी आलेली पोरगी

नीरजा म्हणजे आमच्या शेजारच्या शरदरावांची मुलगी. बारावीला चांगले मार्क पडले आणि पोरगी इंदूरबाहेर राऊकडच्या एका कॉलेजात गुरांच्या डॉक्टरकीच्या डिप्लोमाला गेली. शरदराव लोकांना सांगायचे, "मेडिकल लाइनला आहे." ही शेजारीच उभी असली तर लगेच म्हणायची, "ढोरांच्या, काका!" तिच्या जिभेला हाड नाही. मला ती त्यासाठीच आवडते.

इंदूरच्या रस्त्यांवर आता गाय दिसत नाही. म्हणून वसुबारसेला आमच्या अन्नपूर्णा भागातल्या मराठी बायका मिळून बाहेरून गाय-वासरू मागवतात. गाय एक आणि पूजणारी घरं पंचवीस-तीस. प्रत्येकीच्या ताटात भात, गूळ, उडदाचे वडे. माझ्याही होते.

यंदा सात-आठ घरांचा नैवेद्य झाला असेल, तेवढ्यात नीरजा कॉलेजातून आली. बॅग फेकली आणि सरळ गाईपुढे उभी राहिली.

"बस! आता हिला कुणी काही घालायचं नाही. एवढा भात-गूळ पोटात आंबला तर गाय मरते. ओवाळा, हिरवा चारा घाला."

महिला मंडळाच्या अध्यक्ष अंबिकाबाई भडकल्या. "अगं, बरसों से घालतोय आम्ही. आजवर कोणती गाय मेली?"

"कधी चौकशी केली, काकू? ती तर रात्री गाडीत चढून निघून जाते."

गायवाला लाखन जमिनीकडे बघत राहिला. सणाच्या दिवशी गिऱ्हाइकाशी वाकडं कोण घेणार?

आरडाओरडा ऐकून शरदराव बाहेर आले. "माफी माग सगळ्यांची. अभी के अभी. नाहीतर उद्यापासून कॉलेज बंद."

पोरीचा चेहरा उतरला. पण गाईचं दावं तिनं सोडलं नाही. "माफी नाही मागणार, बाबा. आणि कॉलेजही नाही सोडणार."

मी माझं ताट उचलून घरात नेलं. आणखी दोघींनी नेलं. बाकीच्या भरली ताटं तशीच घेऊन तिला शिव्या घालत गेल्या.

गाय ठणठणीत परत गेली. अंबिकाबाईंनी त्याच रात्री घरोघरी फोन केले, "बघा, झालं का काही? फालतू तमाशा केला पोरीनं!" माझं तर डोकंच फिरलं. अहो, काही झालं नाही ते तिनं थांबवलं म्हणून! पण हे कोणाला पटवणार? गाय मेली असती तर पोरगी खरी ठरली असती. आता जन्मभर उर्मटच.

धनतेरसच्या सकाळी तिचं प्रॅक्टिकल होतं. शरदरावांनी स्कूटीची चावी खिशात घातली आणि दारात उभे राहिले. ती त्यांच्या बाजूनं वाट काढून पायरी उतरली. बस पकडणार होती.

"आज गेलीस तर परत..." शरदराव मागून म्हणाले.

नीरजा फाटकाशी वळली. "संध्याकाळी येईन, बाबा. जेवायला थांबा."